खालची आळी

डोळे तपासणाऱ्या बाईने तिच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले, मान मागे टेकवून ठेवायला सांगितली, आणि मग तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, "यांना संध्याकाळनंतर नीट दिसतं का हो?" झालं ते एवढंच. दुकानात पंखा चालू होता, भिंतीवर रिकाम्या फ्रेमा ओळीने लटकत होत्या, बाहेर एक ट्रक मागे जाताना टुणटुण वाजत होता. प्रश्न तिच्याबद्दल होता आणि विचारला होता तिच्या नवऱ्याला. तेही एक वेळ ठीक. दुकानातली माणसं दिवसभर बोलून कावलेली असतात, ज्याचं तोंड समोर असेल त्याला विचारतात. पण नवऱ्याने उत्तर दिलं. जरा थांबून, तोलूनमापून, घरून तयारी करून आल्यासारखा तो म्हणाला, "जिना उतरताना जरा जपून उतरते हल्ली." ती तिथेच होती, हाताच्या अंतरावर, डोळ्यांत झोंबणारं पाणी घेऊन. अहो, मला विचारा की, मी अजून आहे इथे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पोटात गोळा आला, आणि पुढे कितीतरी दिवस तो तिथून हलला नाही.

कारण याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळणार? तिची उभी हयात वॉर्डात गेली होती. आधी साधी नर्स, मग सिस्टर, शेवटची बरीच वर्षं मेट्रन. माणूस आजारी पडला हे रिपोर्टात कळतं. पण त्याची आशा सुटली हे कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नसतं. ते कळतं बोलण्याच्या दिशेवरून. काल सकाळपर्यंत सगळे खाटेवरच्या माणसाशी बोलत असतात, "काय काका, झोप लागली का?" आणि आज त्याच खाटेवरून आरपार बोलायला लागतात, "झोपले होते का हे?" कुणी ठरवून करत नाही. डॉक्टर करतो, पोटची पोरं करतात, चादर बदलणारी आयासुद्धा करते. तिनेही केलं होतं, उशीचा अभ्रा ओढून बसवता बसवता. आणि खाटेवरचा माणूस काय करतो? तो बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या नजरेकडे तिने कामाच्या गडबडीत कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता चष्म्याच्या दुकानात, बाहुल्या मोठ्या होऊन सगळं धुरकट दिसत असताना, आपण तेच करतोय हे तिच्या ध्यानात आलं. बाईच्या तोंडाकडे, नवऱ्याच्या तोंडाकडे.

निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळे तिला मेट्रनच म्हणत. इमारतीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा दुकानदार, समोरच्या दारची शिंपीणबाई. नवराही थट्टेने म्हणायचा, "मेट्रनचा हुकूम आहे, आज पांघरुणं उन्हात." तो स्वतः जमिनींची मोजणी करणारा. आयुष्यभर उन्हातान्हात तिकाटण्यावर दुर्बीण लावून, एक डोळा मिटून, दूरवरच्या काठीकडे बघत उभा राहिलेला. ती सवय घरातही गेली नाही. बोलता बोलता मध्येच थांबायचा, कुठेतरी बघत राहायचा, मग सावकाश पुढचं वाक्य. पाहुण्यांसमोर ती म्हणायची, "आमच्या घरात एक खांब आहे, पण चहा पितो." तर हा खांब आता तिच्याकडे बघायला लागला होता. दुकानातून आल्यावर तिला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर मग सगळीकडेच दिसायला लागलं. बाजारातून येताना जिन्यात तो मागे राहायचा. "तू हो पुढे," म्हणायचा, आणि खालच्या वळणावर कठड्याला हात लावून वर बघत उभा राहायचा, ती शेवटची पायरी चढेपर्यंत. रात्री तिला जाग यायची तेव्हा शेजारची जागा रिकामी असायची आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेला असायचा, तोंड तिच्याकडे. ती झटकन डोळे मिटायची आणि श्वास संथ करायची. राखण करतोय, तिला वाटायचं. माझी राखण. काहीतरी दिसलंय याला माझ्यात, आणि तोंडाला कुलूप लावून बसलाय.

मग तिने स्वतःलाच तपासायला घेतलं. न्हाणीघराचं दार लावून डोळे मिटून एका पायावर उभी राहायची. तोल जायचा, पण या वयात कुणाचा जात नाही? शंभरातून सात सात वजा करत खाली यायची. हाताची बोटं नाकाला, नाकावरून दिव्याच्या बटणाला. एकदा कप हातातून निसटला आणि ती फरशीवरच्या तुकड्यांकडे पुरावा सापडल्यासारखी बघत बसली. एकदा बुधवारला गुरुवार म्हणाली. एकदा वॉचमनने काहीतरी विचारलं ते तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. हे पूर्वीही होत असणार, होतंच होतं, पण पूर्वी ते मोजत कोण होतं? भीती ही काही एका जागी बसून राहणारी गोष्ट नाही. ती घरभर हिंडते. डब्यांची झाकणं उघडते, चपलांच्या जोडात डोकावते, आणि जिथे जाईल तिथे तिला हवं ते सापडतं. नवऱ्याला सरळ विचारावं, हे तिच्या मनात रोज यायचं. पण विचारलं आणि त्याने खरं सांगितलं तर? हजार नातेवाइकांना तिने सांगितलं होतं, "विचारा, मोकळेपणाने विचारा, माहीत असलेलं बरं." आता कळत होतं की माहीत असलेलं मुळीच बरं नसतं.

आणि मग त्या वसाहतीचं निघालं. घरातली खुर्ची या भिंतीची त्या भिंतीला लावायची म्हटली तर महिनाभर विचार करणारा माणूस, त्याने एके दिवशी जेवणाच्या टेबलावर एक चकचकीत पुस्तिका ठेवली. निवृत्त लोकांसाठी डोंगरातलं गाव. पानोपानी हिरवे उतार, तळं, लाल कौलांची बसकी घरं, आणि फुलांच्या ताटव्यापाशी खदखदून हसणारी पांढऱ्या केसांची माणसं. "या बाईचे दात बघा," ती म्हणाली, "दात बघून घर घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या." तो हसला, पण पुस्तिका उचलली नाही. "एकदा बघून येऊ," म्हणाला. "हवा चांगली आहे. सपाटी आहे बऱ्यापैकी, मी नकाशा पाहिला." दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, परदेशातून. "आई, नुसतं बघून तर या. बाबांनी एवढं मनावर घेतलंय." आणि मग, "तू बरी आहेस ना?" दोन वाक्यं झाल्यावर परत, "पण तू बरी आहेस ना गं?" लेकीने याआधी असं कधी विचारलं नव्हतं, तिचे फोन म्हणजे नातवाचा खोकला आणि जावयाची नोकरी. म्हणजे लेकीलाही माहीत आहे. माझ्या खाटेवरून आरपार बोलणं चाललंय, आणि माझी खाट या दोन देशांच्या मधे आहे, असं तिच्या मनात आलं. "मी ठणठणीत आहे," ती फोनवर म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली. वॉर्डात हे वाक्य कोण म्हणायचं ते तिला पक्कं आठवत होतं.

भाड्याच्या गाडीने ते निघाले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. शहर मागे पडायला बराच वेळ लागला. गोदामं, टायरची दुकानं, अर्धवट बांधलेल्या इमारती, मग एकदम शेतं, आणि मग रस्ता वळणं घेत वर चढायला लागला. नवऱ्याने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती. पायात सँडल होत्या, गावाला जाताना बुटाशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस म्हणाला, "जरा वारा लागू दे पायांना." ती बाहेर बघत होती. सुंदर होतं, त्यात वादच नाही. एकामागून एक निळसर होत गेलेले डोंगर, उतारावर चरणारी जनावरं, मधूनच चमकणारं पाणी. दुसऱ्या कुणी दाखवलं असतं तर ती पोरीसारखी हरखली असती. पण तिला ते बघवेना. इतकं सुंदर कुणी कुणाला फुकट दाखवत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एखाद्याला आपण अचानक गोड बोलतो, आवडीचं खायला आणतो, काय हवं नको विचारतो, ते कधी? गाडीच्या प्रत्येक वळणाला तिच्या मनात पाल चुकचुकत होती. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "आजींना गाडी लागते का?" आणि नवरा म्हणाला, "नाही, तिला नाही लागत." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

वसाहतीची मॅनेजरबाई फाटकापाशीच उभी होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, चालता चालता उलटं वळून बोलायची सवय असलेली. "या, या! प्रवास कसा झाला? आधी चहा की आधी फेरी?" आधी फेरी, नवरा म्हणाला. गाव डोंगराच्या कुशीत तीन टप्प्यांवर वसवलेलं होतं. पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याला फुलाचं नाव होतं, पण ती नावं कुणी वापरत नसावं. मॅनेजरबाईसुद्धा वरची आळी, मधली आळी, खालची आळी असंच म्हणत होती. गाडीने त्यांना थेट वर नेलं. वरच्या आळीत घरं सुटी सुटी होती, प्रत्येकाला अंगण, अंगणात खुर्च्या, समोर सगळं खोरं उघडं. एक गृहस्थ शिडीवर चढून खिडकीला रंग देत होते आणि खालून त्यांची बायको त्यांना शिव्या घालत होती. छानच होतं. पण मेट्रनचे डोळे अंगणात थांबेनात. तिने आत पाऊल टाकलं आणि तिला दारं दिसली. दारं रुंद होती, नेहमीपेक्षा हातभर रुंद. उंबरा कुठेच नव्हता. न्हाणीघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं, म्हणजे आत कुणी दाराला टेकून पडलं तरी उघडता यावं. पलंग भिंतीपासून सुटा, दोन्ही बाजूंनी हात पोचेल असा. "हवेशीर वाटावं म्हणून दारं मोठी ठेवलीत," मॅनेजरबाई म्हणाली. त्यातून स्ट्रेचर जातं, मला काय सांगतेस, तिच्या मनात आलं. नवरा अंगणातच थांबला होता, कठड्याला टेकून. "या ना आत," ती म्हणाली. "तू बघ," तो म्हणाला, "मी उतार बघतोय."

मग ते मधल्या आळीत उतरले. इथे घरं जोडून होती, चार चारची ओळ, आणि प्रत्येक दाराशी घंटेची लाल दोरी. अंगणाऐवजी एकच मोठी बाग, तीत बाकं. माणसं जास्त बसलेली, कमी उभी. भिंतीच्या कडेने लाकडी कठडा होता, तळहातांनी गुळगुळीत झालेला. एका बाकावर एक म्हातारे पोस्टमास्तर बसले होते, म्हणजे मॅनेजरबाईने तशी ओळख करून दिली, "हे आमचे पोस्टमास्तर." ते उठू गेले, तिने हाताने बसवलं. "पहिल्यांदा आलात?" ते म्हणाले. "मी आधी वर होतो. तिथे वारा फार. मग इथे आलो. आता पुढच्या आठवड्यात खाली जायचं म्हणतायत." "का हो?" तिच्या तोंडून निघून गेलं. पोस्टमास्तर हसले. चांगलं निर्मळ हसू होतं. "तिथे हवा छान आहे म्हणे. तळं अगदी जवळ. सगळ्यांनाच मिळत नाही," ते म्हणाले. मॅनेजरबाईने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मेट्रनने कठडा धरला.

कारण हे गाव तिला ओळखीचं होतं. ते तिनेच चालवलं होतं, एका लांबट खोलीत, चोवीस खाटांवर. बरे होत आलेले रोगी लांबच्या टोकाला, व्हरांड्याकडे. अधलेमधले मध्ये. आणि ज्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, ते सिस्टरच्या टेबलाशी, दाराजवळ. माणूस ढासळला की त्याची खाट हलवायची. चाकं होती, दोन आया पुरत. आणि हलवताना काय सांगायचं तेही ठरलेलं असायचं. कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्याजणी तेच सांगायच्या. "इथे हवा चांगली येते, काका." "इथे गडबड कमी." रोगी खूश व्हायचे! बदली झाली, बढती मिळाली असं वाटायचं त्यांना. कितीजणांनी तिचे आभार मानले होते. एकदाच एका शिवणकाम शिकवणाऱ्या बाईने, नव्या जागेवर खाट आल्यावर, चादरीवरून हात फिरवत विचारलं होतं, "सिस्टर, इथे आधी कोण होतं?" ती म्हणाली होती, "कुणी नाही, जागा रिकामीच होती." बाईने मान हलवली. नंतर पाणी मागितलं नाही, काही विचारलं नाही, पाठ करून भिंतीकडे बघत राहिली. तो प्रसंग मेट्रनला इतकी वर्षं एकदाही आठवला नव्हता. आणि आता डोंगरातल्या या मोकळ्या हवेत, फुलांचा वास येत असताना, ती पाठ तिला दिसली, पाठीवरची झब्ब्याची सैल नाडी दिसली.

"चला," मॅनेजरबाई म्हणाली, "आता तुमचं घर बघू." "आमचं कुठलं?" मेट्रनने विचारलं. "वरचं होतं ना, पाहिलेलं?" मॅनेजरबाई चालता चालता वळली. "नाही नाही, ते आपलं सहज दाखवलं. तुमच्यासाठी खालच्या आळीतलं ठेवलंय. सरांनी फोनवर सांगितलं होतं ना सगळं, त्याप्रमाणे." सगळं. मेट्रनने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तळ्याकडे बघत होता, एक डोळा किंचित मिटून, अंतर मोजत असल्यासारखा. म्हणजे हे असं आहे. नुसती शंका नाही, नुसतं जपून उतरणं नाही. याने फोन करून सगळं सांगितलंय, एका परक्या बाईला, आणि त्या बाईने ते ऐकून घेऊन ठरवलंय की मेट्रनची खाट कुठे लावायची. वर नाही, मध्येसुद्धा नाही. एकदम दाराशी.

खाली जायला गाडीचा रस्ता नव्हता, पायवाट होती, फरसबंद, वळणावळणाची, दोन्ही अंगांना निळी फुलं. मॅनेजरबाई पुढे, मग मेट्रन, मागे नवरा. पायांखाली प्रत्येक फरशी तिला वेगळी जाणवत होती. नीट चाल, ती स्वतःला बजावत होती, बघतोय तो मागून. पाठ ताठ. हात हलू देत. आपण पडलो तर याच्या म्हणण्याला पुरावा मिळेल, आणि पडू नये म्हणून जपून चाललो तर तोही पुरावाच. मागे त्याची पावलं थांबली की ती थांबायची. तो दर वळणावर थांबत होता. "काय बघताय?" तिने न वळता विचारलं. "काही नाही. चल तू." तिला रडू फुटेल असं वाटलं, आणि रडू नाही, किंकाळी. हा माणूस, ज्याच्याबरोबर आपण आयुष्य काढलं, ज्याचे मोजे रफू केले, ज्याच्या आईला शेवटच्या वर्षी आपण उचलून बसवत होतो, तो आपल्याला या सुंदर उतारावरून खाली पोचवायला आलाय. प्रेमाने करतोय, यात शंका नाही. ते तर जास्तच भयंकर. रागाने ढकललं असतं तर भांडता आलं असतं. तिला वाटलं आत्ताच्या आत्ता परत फिरावं, धावत वर जावं, त्या शिडीवरच्या गृहस्थांच्या शेजारचं घर बळकावून आतून कडी लावावी. पण त्या दारांना आतून कडी नव्हती, हे तिने मघाशीच पाहून ठेवलं होतं.

खालची आळी म्हणजे एकच लांब बसकी इमारत होती, तळ्याच्या काठाला. आत ओळीने खोल्या, मधोमध एक टेबल, टेबलाशी पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी. मेट्रनला हसू यावं तसं झालं. त्यांची खोली शेवटची, कोपऱ्यावरची. दोन पलंग, मध्ये हातभर फट. मोठी खिडकी, खिडकीत सगळं तळं, पाण्यात उलटे पडलेले डोंगर. भिंतीत एक पितळी झाकण होतं, नळीची तोटी लावायचं. ती प्राणवायूची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. "दोघं एकत्रच राहता येतं इथे," मॅनेजरबाई म्हणाली, "ते फार कमी ठिकाणी असतं. आणि नंतर, म्हणजे पुढेमागे, एकट्याला परत वरच्या आळीतलं घर मिळतं. तेही सरांनी आधीच विचारून घेतलंय. मी चहाचं बघते, तुम्ही निवांत बघा." दार ओढून ती गेली. दार रुंद होतं, सावकाश, आवाज न करता लागलं. मेट्रन खिडकीपाशी उभी होती, काचेला पाठ लावून. नवरा जवळच्या पलंगावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मला काय झालंय?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक आला की तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. "अहो, मला सांगा. मी चाळीस वर्षं हेच केलंय. मला न कळवता डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय का? डोक्यात काही आहे का? मी विसरते का? रात्री उठून काय बघता माझ्याकडे? जिन्यात का थांबता? माझं काय ठरवलंय तुम्ही आणि लेकीने मिळून?" एकदा तोंड फुटल्यावर तिला थांबवता येईना. "मला खालच्या आळीत आणलंत. मला! मला कळत नाही का ही काय जागा आहे ते?" तो ऐकत राहिला. नेहमीसारखा खांबच. पण बोलायला त्याने तोंड उघडलं आणि आधी श्वास घेतला, एक, मग त्यावर अर्धा, आणि मग म्हणाला, "तुला? तुला काय झालंय? तुला काही नाही झालेलं." आणि तेवढं बोलून पुन्हा श्वास. मग तो वाकला, सँडलचा पट्टा सोडायला लागला. पट्टा सुटेना. ती सवयीने पुढे झाली, खाली बसली, हात बाजूला सारून तिने बक्कल काढलं. पट्टा निघाला आणि त्याचा वळ पायावर तसाच राहिला, खोल, काठ वर आलेला. पाऊल त्याचं नव्हतंच. त्याचं पाऊल हाडकुळं, रापलेलं, शिरा दिसणारं. हे गुबगुबीत होतं, तुकतुकीत. तिने घोट्याच्या वर अंगठा टेकवला आणि दाबला. उचलला. खड्डा तसाच राहिला. तिच्या अंगठ्याएवढा, नीट गोल. हृदय थकलं की पाणी असंच पायांत उतरतं, आणि आडवं झालं की श्वास पुरत नाही. भरायला लागला, पण इतका हळू की त्याच्याकडे बघताना सगळं मागचं आपोआप जागेवर येत गेलं. खुर्चीत ताठ बसून काढलेल्या रात्री. "तू हो पुढे." उतार बघणं. चाळीस वर्षं हजारो पाय दाबून पाहिलेली बाई, आणि घरातल्या पायाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. भिंती पाहिल्या, दारं पाहिली, स्वतःचं नाक पाहिलं.

हे सगळं तिला कळायला एक क्षण लागला असेल. पण त्या क्षणाच्याही आधी, कळणं पुरतं आत पोचायच्या आधी, दुसरंच काहीतरी झालं. पोटातला तो गोळा, चष्म्याच्या दुकानापासूनचा, सुटला. एकदम, गाठ सोडावी तसा. खांदे खाली आले, कपाळ सैल झालं, छातीत तळ्यावरची थंड हवा पार आतपर्यंत गेली आणि मोठा उसासा होऊन बाहेर पडली. मी नाही. मी नाही. तिच्या सगळ्या अंगाला ते कळलं आणि सगळं अंग सुखावलं, भर उन्हातून आल्यावर गार फरशीवर बसावं तसं. तोंडावरसुद्धा ते आलं असणार, कारण तिने मान वर केली तेव्हा तो बघत होता. आयुष्यभर दूरच्या काठीवरचे बारीक आकडे वाचलेला माणूस. इतक्या जवळून काय चुकणार? "सुटलीस," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. रागही नव्हता.

नाही हो, असं तिला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण खोटं इतकं लांबून आणावं लागत होतं की ते वाटेतच विरलं. भीती परत आली. या वेळी तिला घरभर हिंडावं लागलं नाही, ती सरळ येऊन समोर उभी राहिली. हा माणूस जाणार, आणि जाणारा माणूस आपल्याकडे बघत असताना आपल्याला बरं वाटलं. त्याने ते पाहिलं. आता काहीही केलं, कितीही उश्या लावल्या, औषधाच्या वेळा सांभाळल्या, हात धरून बसलं, तरी त्याने पाहिलेलं त्याच्याजवळ राहणार. "असू दे गं," तो म्हणाला. "मी बघत होतो ते वेगळंच. तू एकटी जिना चढतेस की नाही, एवढंच. चढतेस." श्वास. "छान चढतेस."

आणि मग त्याने दुसऱ्या पायाचा पट्टा स्वतःच कसाबसा सोडला आणि तो पाय तिच्यासमोर धरला. "हाही बघ," तो म्हणाला, "हा जास्त आहे." तिने पाय मांडीवर घेतला. जड होता. अंगठा घोट्याच्या वर नेला आणि तिथेच, कातडीला न लावता, थांबवला. दार हलकेच वाजलं, चहाच्या कपांचा आवाज आला, मॅनेजरबाईने बाहेरून हसऱ्या आवाजात विचारलं, "मग, पसंत पडलं का घर?" तो पायाकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, वाट बघत. आणि आता तो चेहरा कसा ठेवायचा, हे मेट्रनला काही केल्या सुचेना.